एक जूनची माणसं

माधवी सोनकांबळेला आधी वाटलं, आपणच कुठेतरी माती खाल्ली आहे. एका कारखान्यातली निम्म्याहून जास्त माणसं एकाच दिवशी जन्माला आली, हे कुणाला पटेल? पण पडद्यावरचा तक्ता तेच सांगत होता. वर सरकवा, खाली सरकवा, एक जून, एक जून, एक जून. साल तेवढं बदलायचं.

आबिड्सला चपलांच्या एका दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की सुधीरसरांचं ऑफिस लागायचं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक एसी. एसी माणसांसाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता, माणसांनी त्यात वाटेकरी व्हायचं. शहाण्णव साल होतं. देशाची दारं उघडली, देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज येत होतं. त्या दारांतून आत काय येतंय आणि बाहेर कोण चाललंय, याचा मात्र धड पत्ता कुणालाच नव्हता. सुधीरसरांकडे कामं येऊ लागली होती, तेवढ्यावर ते खूश होते. माधवी तारनाक्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून त्यांच्याकडे लागली होती आणि अजून पक्की झाली नव्हती. हे काम नीट उतरलं की पक्की करतो, असं सर म्हणाले होते.

काम शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्याचं होतं. सगळ्या कामगारांची माहिती तक्त्यात भरायची. तक्त्याच्या डोक्यावर 'जन्मतारीख' असं लिहिलेलं, तिथे माउसची टिचकी मारली की वयानं सगळ्यात मोठा माणूस वर आणि सगळ्यात धाकटा तळाशी. बस. "एवढंसं तर काम आहे," असं सर म्हणाले तेव्हा माधवीलाही ते एवढंसंच वाटलं होतं. त्याच कारखान्यात तिचे वडील मशीन शॉपमध्ये होते, हे ती सरांना बोलली नाही. यादीत सोनकांबळे तिघे होते. सरांनीही कधी विचारलं नाही.

पहिली मारामारी तारखांशीच झाली. कारखान्याच्या निरनिराळ्या खात्यांनी आपापल्या टायपिस्टकडून माहिती टाइप करून घेतली होती, आणि प्रत्येक टायपिस्ट आपल्या घरचा राजा. एकानं तारखेत टिंबं दिलेली, दुसऱ्यानं आडव्या रेघा, तिसऱ्यानं महिना अक्षरात लिहून साल अर्धंच टाकलेलं. माधवीनं पहिल्यांदा टिचकी मारली तेव्हा मशीननं तारीख ही तारीख आहे असं मानलंच नाही. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं. मग पन्नास साली जन्मलेला, पण एक तारखेचा, गडी वर चढून बसला, आणि निवृत्तीला टेकलेला म्हातारा केवळ तीस तारखेचा म्हणून तळाला गेला.

ते तिनं निस्तरलं. निस्तरलं म्हणेपर्यंत दुसरंच निघालं. मशीन अमेरिकेच्या वळणाचं, त्याला आधी महिना, मग दिवस. त्यामुळे एका खात्याची माणसं एक जूनला जन्मलेली दिसत आणि दुसऱ्या खात्याची सहा जानेवारीला. तिनं सगळी तारीख फोडून दिवस वेगळा, महिना वेगळा, साल वेगळं काढलं आणि पुन्हा जुळवलं. तेव्हा ते दोन ढीग मिळून एकच ढीग झाला. सगळे एक जूनचे.

सुधीरसर खुर्ची ओढून शेजारी बसले. अफझलगंजच्या पुढे त्यांचं जुनं घर, आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील वकील. घरातल्या प्रत्येकाची पत्रिका घटका-पळांसकट कपाटात.

"माधवी, मी जन्मलो तेव्हा आजोबांनी शेजाऱ्याला उठवून त्याचं घड्याळ आणवलं होतं. आपल्या घड्याळावर भरोसा नव्हता म्हणून," ते म्हणाले. "आणि ही एवढी माणसं एकाच दिवशी? हे लोक काय ठरवून आले का? कोड बघ तुझा. रिकाम्या जागी कुठली तरी तारीख आपोआप चिकटायलीय."

माधवीनं कोड पाहिला. ओळ न् ओळ पाहिली. कागदावर हातानं एकेक तारीख फोडून बघितली. कोड बरोबर होता, म्हणजेच काहीतरी चूक होतं, पण काय ते कळेना. तिला स्वतःच्या डोक्याचाच संशय यायला लागला. शेवटी तिनं बाबांची ओळ शोधली. दौलत सोनकांबळे, मशीन शॉप, एक जून एकोणीसशे बेचाळीस. तिच्याखाली धम्मानंदकाकांची. धम्मानंद हनवते, मशीन शॉप, एक जून एकोणीसशे बेचाळीस.

हे दोघे नांदेडकडच्या एकाच गावचे. एकाच शाळेतून आले, एकाच दिवशी कारखान्याला लागले, आणि क्वार्टरही मिळाल्या त्या एकमेकांना लागून. धम्मानंदकाकांचं मूळ नाव धोंडिबा. छप्पन साली समाजानं बुद्धाची वाट धरली तेव्हा त्यांनी नाव बदललं, आणि आजीनं त्यांना आयुष्यभर धोंड्याच म्हटलं.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, तुमचा वाढदिवस खरंच एक जून आहे?"

दौलत वर्तमानपत्रातून डोकं न काढता हसला. "माझा काय, आमच्या अख्ख्या शाळेचा एक जून आहे माय. गुरुजी आले, पोरं रांगेत उभी केली. ज्याची उंची जशी, तसं त्याचं साल टाकलं. दिवस कुणाला ठाऊक व्हता? शाळा जूनमध्ये उघडती, म्हणून एक जून. सोपं पडतं."

माधवीला हसू आलं आणि रागही आला. कुठल्या तरी गुरुजींनी आपलं काम सोपं केलं होतं आणि त्यापायी ती इथे आठवडाभर स्वतःला मूर्ख समजत होती. तरी एक बरं झालं, चूक तिची नव्हती. सरांना सांगितलं तेव्हा त्यांना ते पटायला वेळ लागला. "असंही असतं?" एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी तक्ता पुन्हा वरून खाली सरकवून पाहिला.

हा गुंता सुटला म्हणून ती खुशीत होती, तोवर कारखान्याचे नरसिंगराव आले. कामगारांचं दप्तर त्यांच्याकडे होतं. शांत, घामेजलेला, सभ्य माणूस. तक्ता बघून खूश झाले. मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि एक आकडा सांगितला. वरून मोजत तेवढ्या नावांवर यायचं आणि तिथे एक लाल रेघ मारायची.

"रेघ कशाला?" माधवीनं विचारलं.

"स्वेच्छा निवृत्ती, अम्मा," नरसिंगराव म्हणाले. "दिल्लीचा हुकूम आहे. युनियनसंगं ठरलं, बडी उमरवाले पहले. रेघेच्या वर जे आले, ते या महिन्यात घरी. खालच्यांना पुढची दोन वर्षं कोणी हात लावणार नाही."

नाव स्वेच्छेचं, इच्छा दिल्लीची. माधवीनं आकडा टाकला, टिचकी मारली, आणि रेघ उमटली. रेघेच्या वरचं शेवटचं नाव दौलत सोनकांबळे होतं.

निवृत्ती म्हणजे क्वार्टर गेली. क्वार्टर गेली म्हणजे कारखान्याचा दवाखाना गेला, ज्याच्या जिवावर आजीचा दमा चालला होता. धाकटा विवेक नुकता कुठे डिप्लोमाला लागलेला. आणि माधवी स्वतः अजून कच्चीच. तिनं काहीतरी करायचं म्हणून पुन्हा टिचकी मारली.

रेघेच्या वर आता धम्मानंद हनवते होते. बाबा खाली.

"ये क्या होरा?" नरसिंगराव पुढे झुकले. तिनं पुन्हा टिचकी मारली. बाबा वर. पुन्हा मारली, काका वर. रेघेच्या वर एकच जागा उरत होती आणि त्या तारखेची माणसं दोन होती. मशीनला दोन्ही तारखा सारख्याच, मग पहिला कोण याच्याशी त्याला काय देणंघेणं? भांडी मांडताना एकसारख्या दोन पेल्यांतला हातात येईल तो आपण आधी ठेवतो, तसं ते करत होतं. पण इथे पेले नव्हते.

नरसिंगरावांचा चेहरा पडला. "सुधीरजी, ऐसा नक्को. आज एक नाम, कल दुसरा नाम, लोक मेरे को फाडून खातील. दो आदमी की एकच तारीख असेल तर काय करायचं ते तुम्ही ठरवा, मगर हर वक्त एकच आना चाहिए. मंडे को फ्लॉपी दो."

ते गेल्यावर सर माधवीला म्हणाले, "तारीख सारखी असली की नावानं लाव. नाही तर आडनावानं लाव. काही पण लाव. एका ओळीचं तर काम आहे, परेशान काय व्हायचं त्यात?"

एका ओळीचंच काम होतं. नावानं लावलं तर इंग्रजी अक्षरांत दौलत धम्मानंदच्या आधी येत होता, म्हणजे बाबा रेघेच्या वर. आडनावानं लावलं तर हनवते सोनकांबळेंच्या आधी, म्हणजे काका वर. दोन्ही रिती जगात चालतात, दोन्हींना कुणी चूक म्हणणार नाही. माधवीनं नावाची ओळ लिहिली आणि पुसली. आडनावाची लिहिली आणि पुसली. मग तिला वाटलं, वयानं लावायचंय ना, तर खरं वयच शोधू. दोघांतला एक कुणीतरी आधी जन्मला असणारच. ते कळलं की आपल्याला काही निवडायला नको.

त्या शनिवारी संध्याकाळी ती आजीच्या खाटेवर जाऊन बसली. विठाबाई खोबऱ्याचा तुकडा हिरड्यांनी चघळत होती.

"आजी, बाबा आणि धम्मानंदकाका, दोघांत थोरलं कोण?"

"धोंड्या थोरला," विठाबाई लगेच म्हणाली. "त्यो चालाया लागला व्हता तव्हा तुजा बाप पोटात व्हता. त्याच्या मायनं मला लिंबाचं लोणचं आणून दिलं व्हतं."

माधवीला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तिनं आजीचा गालगुच्चा घेतला. काका थोरले. मग काय प्रश्नच नाही. जे खरं तेच तक्त्यात जाईल, आणि खरं आपल्या सोयीचं निघालं यात आपला काय दोष?

रविवारी सकाळी तिला राहवलं नाही. खात्री करून घ्यावी म्हणून तिनं तेच पुन्हा विचारलं. विठाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "न्हाई गं. त्यो चालाया लागलेला म्हंजे धोंड्याचा मोठा भाऊ. त्यो देवीत गेला. धोंड्या मागनं झाला. दौलत थोरला."

"काल तर काका थोरले म्हणालीस."

"काल म्हनले आसंल." विठाबाई शांतपणे म्हणाली. "दोघं एकाच पदराखाली वाढली, कोन आदी न् कोन मागं, हे कोन ध्यानात ठिवतं? त्याची माय शेतात गेली की म्याच पाजायची दोघास्नी."

दुपारी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा धोंड्या परत थोरला झाला. मशीन काय आणि आजी काय, टिचकी मारली की उत्तर फिरत होतं. माधवीला आता काहीच कळेनासं झालं. मुळात खरं असं काही आहे का, आणि असलं तर ते कुणाकडे आहे? तिला वाटलं होतं मशीन चुकतंय, मग वाटलं गुरुजी चुकले, मग वाटलं आजी विसरली. आता वाटत होतं, या दोघांच्या जन्माला कधी क्रमच नव्हता, आणि तो आपण एका ओळीत तयार करणार आहोत.

दौलत तिच्याकडे बघत होता. कारखान्यात कुजबुज होतीच, की आबिड्सला कॉम्प्युटरवर यादी लागतेय. पोरगी आबिड्सला कुठे जाते आणि तीन-तीनदा आजीला काय विचारते, याची सांगड घालायला त्याला वेळ लागला नाही.

सोमवारी सकाळी तो तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला निघाला. असा तो कधी यायचा नाही. बस लांबून दिसली तेव्हा म्हणाला, "माधवी, इकडं आडनाव आधी लिहितात न?"

"तेलुगू लोक लिहितात," ती म्हणाली.

"तेच. इकडची रीत तीच आहे." तो रस्त्याकडे बघत होता. "धम्माच्या मागं तसं कोण आहे? बायको गेली, पोरगी तिकडं नांदेडला सुखात आहे. त्याला एवढं लागणार नाही." मग जरा थांबून, "मी काही सांगत नाही. तुझं काम तू बघ."

बस आली. माधवी चढली. नळावर रांग मोडली म्हणून याच माणसानं लहानपणी तिला घागरीसकट पुन्हा शेवटी उभं केलं होतं. तिला त्याचा राग यायला हवा होता, आणि राग आला नाही. नुसती कीव आली, आणि बापाची कीव येणं तिला रागापेक्षा जड गेलं.

ऑफिसात गेल्यावर तिनं आडनावाची ओळ लिहिली. या वेळी पुसली नाही. टिचकी मारली, दहादा मारली, यादी जागची हलली नाही. दुपारी नरसिंगराव फ्लॉपी न्यायला आले. "इंटिपेरु पहले," आडनावाला त्यांचा तो तेलुगू शब्द, "एकदम करेक्ट. हमारे यहाँ का रिवाजच हा आहे." सर खूश झाले. पुढच्या महिन्यापासून पक्की, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. ती 'थँक्यू सर' म्हणाली, आणि ते शब्द कुणी दुसऱ्यानंच उच्चारल्यासारखे तिला ऐकू आले.

निवृत्तीची पत्रं आली. धम्मानंदकाका दोन दिवस दिसलेच नाहीत. त्यांच्या क्वार्टरचं दार आतून बंद असायचं आणि दौलत त्या दारावरून जाताना चाल वाढवायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकाच आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा.

"जयभीम," ते म्हणाले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. दौलतनं जयभीम केला आणि पंख्याचं बटण उगीच चालू-बंद करून पाहिलं.

"माधवी, तू या कॉम्प्युटरच्या लाइनीत आहेस, मला एक सांग," काका म्हणाले. "माझी न् तुझ्या बापाची तारीख एक. साहेब म्हणाला, मशीननं तुझं नाव वर घेतलं. मशीन कसं ठरवतं हे?"

"आडनावानं," माधवी म्हणाली. "इंग्रजीत 'एच' आधी येतो."

"म्हणजे कुणी माणसानं नाही ठरवलं?"

माधवीनं बाबांकडे पाहिलं. दौलत पंख्याकडे बघत होता.

"तशी रीत आहे काका," ती म्हणाली.

धम्मानंदनं मोठा श्वास सोडला आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बरं झालं विचारलं. अगं, मशीननं केलं तर त्याचं दुःख नाही. त्याला काय, कोण हनवते न् कोण सोनकांबळे." मग ते दौलतकडे वळले. "दोन दिवस घरात बसून होतो. काय काय मनात आलं, तुला काय सांगू. म्हटलं, पोरगी कॉम्प्युटरवाली आहे, दौलतनं काही... इतकं घाण मन झालं रे. तू न् मी एका छातीचं दूध प्यालेलो, आणि मी असला विचार केला." त्यांनी दोन्ही हात जोडले. "माफ कर मला."

दौलतनं पुढे होऊन धम्मानंदचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले आणि खाली केले, आणि तसेच धरून ठेवले. काकांना वाटलं, मित्रानं माफ केलं. त्यांचे डोळे भरून आले.

माधवीला सांगून टाकावंसं वाटलं. काका, माणसानंच ठरवलं, मीच ठरवलं. पण सांगितलं असतं तर त्यांच्याकडे नोकरी नव्हतीच, आता मित्रही उरला नसता. आणि न सांगावं, तर हा भला माणूस तिच्यासमोर चूक नसताना माफी मागत होता. यातलं आधी काय आणि मागून काय, हे तिला लावता येईना.

"चहा ठेव माय," दौलत म्हणाला.

ती उठली आणि तिनं चहा ठेवला.